पैठणची गंगा आणि आपली दिंडी



दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळी म्हणाली, महाराज, पैठणाविषयी चार ओळी लिहून द्या. आम्ही चौथी शिकलेले. पण नाथांच्या पालखीमागं चालून जे ऐकलं, पाहिलं, ते मांडतो. चुकलं तर पोटात घाला.

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजांची ही राजधानी. इथला माल गाड्या भरून भडोचच्या बंदराला जाई. इथल्या मागावरच्या पैठणीचं नाव तर घरोघरी. पुढं हे पंडितांचं गाव झालं. दक्षिण काशीच म्हणत. धर्माचा निकाल पैठणात लागायचा, एवढा दरारा.

म्हणून तर ज्ञानोबाराय भावंडांना घेऊन इथं आले. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली. शुद्धिपत्राचा एक कागद पाहिजे होता. नागघाटावर रेड्यामुखी वेद वदवले तेव्हा कुठं पैठणानं मान हलवली, असं आपण कीर्तनात सांगतो.

त्याच गावात नाथबाबा जन्मले. त्यांचे पणजोबा भानुदास महाराज. विजयनगरला गेलेला विठोबा त्यांनीच पंढरीला परत आणला. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पण आम्हाला त्यांचं वाळवंट जास्त आठवतं. ज्याला गाव शिवत नव्हतं त्याचं लेकरू तापल्या वाळूत रडत होतं, नाथांनी ते कडेवर घेतलं. रामेश्वराला न्यायची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. कुणाचा कागद विचारला नाही. शके १५२१, फाल्गुन वद्य षष्ठीला याच गंगेत त्यांनी देह ठेवला.

आता आमच्या डोळ्यांदेखतचं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडी धरणाची कोनशिला बसवली. १९७६ साली इंदिराबाईंनी लोकार्पण केलं. नाव दिलं नाथसागर. शंभरावर गावांना त्याची झळ बसली. आपली दिंडी ज्या वेशीतून निघायची ती वेसही फुगवट्याखाली गेली. आम्ही तेव्हा पोरसवदा. वेशीतला मारुती बैलगाडीत घालून माळावर आणला, पत्र्याच्या छपरात वीणा टांगली, आणि त्या वर्षीही वारी चुकू दिली नाही.

मावेजासाठी वाडवडलांनी कचेरीचे किती हेलपाटे घातले, त्याला गणती नाही. हा कागद आणा, तो आणा. आमचे वडील हसून म्हणायचे, "ज्ञानोबारायांना एका कागदासाठी पैठणला यावं लागलं, मग आपण कोण?" हसायचे, पण डोळे भरून यायचे.

वाटेत परभणीकडचे वारकरी भेटतात. म्हणतात, महाराज, तुमच्या धरणानं आमची रानं भिजली. आम्ही त्यांच्या पायावर डोकं ठेवतो. पाणी तहानेल्याच्या मुखी गेलं, नाथांची कावड ती हीच. त्याचं दुःख नाही. मात्र कावड ज्यांच्या खांद्यावरून उतरली, त्यांची आठवण राहावी.

आज समाधीपुढलं पात्र धरणातून पाणी सोडलं तर भरतं, एरवी खडक उघडे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आपल्या जुन्या गावचे चौथरे वर येतात. पोरांनो, षष्ठीला पैठणला याल तेव्हा नाथांचं दर्शन घ्या, आणि परतताना फुगवट्याच्या काठी घटकाभर थांबा. आपली दिंडी तिथून निघाली होती.

रामकृष्णहरी.