दूरदृष्टीवर चटक्याचा उपाय

व्यवहारात दूरदृष्टी हा गुण मानला जातो. नेत्रवैद्याच्या लेखी मात्र तो दोष ठरतो. अशा डोळ्याची लांबी कमी असते, किंवा त्याच्या समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे स्वच्छमंडल, हवे तितके फुगीर नसते. त्यामुळे प्रकाशकिरण दृष्टिपटलाच्या मागे एकत्र येऊ पाहतात आणि विशेषतः जवळचे अक्षर पुसट दिसते. बहिर्गोल भिंगाचा चष्मा हा यावरचा जुना व निर्धोक उपाय. परंतु चष्म्यापासून सुटका व्हावी, ही इच्छाही काही नवी नव्हे.

१८९८ साली लान्स या डच संशोधकाने सशांच्या स्वच्छमंडलाला डाग देऊन त्याचा आकार पालटता येतो, हे दाखविले. स्वच्छमंडल ज्या कोलॅजन तंतूंनी विणलेले असते, ते सुमारे ६० अंश सेल्सिअसला आक्रसतात. कडेला वर्तुळाकार डाग दिले, की पट्टा आवळल्याप्रमाणे परीघ आखडतो व मध्यभाग उंचावतो. दूरदृष्टीच्या डोळ्याला नेमके हेच हवे असते. उष्णता अधिक झाली, तर मात्र तंतूच नष्ट होतात. १९८० नंतरच्या दशकात मॉस्कोच्या फ्योदोरोव्ह यांनी शेकडो अंश तापलेली तार स्वच्छमंडलात खोल टोचून हा उपाय माणसांवर योजला. सुधारलेली दृष्टी पुष्कळांच्या बाबतीत हळूहळू पूर्वपदावर गेली.

मेक्सिकोचे डॉ. अंतोनियो मेंदेझ यांनी १९९३ च्या सुमारास निराळी वाट धरली. सुई तापवावयाची नाही. तिच्यातून उच्च कंप्रतेचा विद्युत्प्रवाह सोडावयाचा, आणि त्याला होणाऱ्या अडथळ्याने ऊतकच आतून तापू द्यावयाचे. केसाएवढ्या या सुईचे टोक अर्धा मिलिमीटरही आत जात नाही. डोळा थेंबांनी बधिर करून ८ ते ३२ ठिकाणी ती टोचली, की काम संपले. ना लेसर, ना पाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये चाळीस वर्षांवरील रुग्णांच्या दूरदृष्टीसाठी तिला मान्यता दिली; २००४ मध्ये वयोमानाने लागणाऱ्या चाळिशीसाठीही दिली.

तरीही मूळ पेच सुटला नाही. सावकाश का होईना, स्वच्छमंडल आपल्या जुन्या वळणावर येऊ लागते; २००४ ची मान्यतादेखील तात्पुरत्या सुधारणेपुरतीच होती. शिवाय वयाबरोबर डोळ्यातील भिंगाची लवचीकता घटतच राहते. चष्मा लावताच ज्या डोळ्याला लख्ख दिसते, त्याला काही वर्षांच्या सोयीसाठी सुई लावावी काय? लेसरच्या व कृत्रिम भिंगांच्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या, आणि ही शस्त्रक्रिया आता क्वचितच केली जाते.