तबकडीमागची वीज

यंत्रातून गाणे ऐकणाऱ्या माणसाला विजेची आठवण सहसा ती गेल्यावरच होते. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गेस्बर्गने कलकत्त्यास गोहरजानचे गाणे मुद्रित केले. त्यानंतरची कित्येक वर्षे आपल्याकडे गाणे वाजले ते किल्लीच्या ग्रामोफोनवर. त्याला वीज लागतच नसे. पोलादी स्प्रिंग हाच त्याचा शक्तिपुरवठा. ती सैल पडली की तबकडीची गती मंदावे आणि बालगंधर्वांचा षड्ज हळूहळू खाली घसरू लागे. शक्ती कमी पडली की सूर ढळतो, हे किल्ली देणाऱ्या घरातल्या पोरालाही कळत असे.

पुढे यंत्रे विजेवर चालू लागली आणि हा संबंध डोळ्यांआड झाला. पण तो संपला नाही. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत सीडी-वादकांच्या शौकिनांमध्ये जो एक वाद अखंड चालत आला आहे, त्याचे मूळ तेथेच आहे. वादकाला अधिक चांगला वीजपुरवठा जोडला तर गाणे अधिक चांगले होते काय? आणि ज्याचा खिसा लहान आहे, त्याने थोडे पैसे अधिक घालून वरच्या दर्जाचा वादक घ्यावा, की आहे त्याच वादकाला विजेची दुसरी पेटी जोडावी? प्रश्न बाजारातला आहे खरा. पण त्याचे उत्तर बाजारात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधणे बरे.

१९७९ च्या मार्चमध्ये हॉलंडमधील आइंडहोव्हन येथे फिलिप्स कंपनीने आपली लहान चकाकती तबकडी जगाला दाखविली. पुढे जपानची सोनी कंपनी तिला येऊन मिळाली आणि १९८० साली दोघींनी मिळून तबकडीचे नियम बांधले. ध्वनीची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा करावयाची, आणि प्रत्येक माप १६ अंकी द्विमान संख्येत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर, बसवावयाचे. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा वादक जपानात विक्रीस आला. किंमत १,६८,००० येन. म्हणजे सामान्य माणसाने दुकानाच्या काचेतून पाहून समाधान मानावे अशी.

फिलिप्सचा पहिला वादक सीडी १०० हा काटकसरीतून निघालेल्या हुशारीचा नमुना म्हणावा लागेल. आकड्यांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करणारी त्यांची चकती १४ अंकांचीच होती. फिलिप्सच्या अभियंत्यांनी ती चौपट वेगाने चालविली, मोजणीतील चूक ऐकू न येणाऱ्या उंच स्वरांकडे ढकलली, आणि १४ अंकांतून १६ अंकांचे काम करून घेतले. उणीव पैशाने भरून काढण्यापेक्षा युक्तीने भरून काढता येते, हा धडा सीडीच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर लिहिलेला आहे.

आता पेटीच्या पोटात काय चालते ते पाहू. भिंतीतून येणारी वीज युरोपात व आपल्याकडे सेकंदाला ५० हेलकावे खाते. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवितो, डायोड तिला एका दिशेला वळवितात, मोठे कॅपॅसिटर तिचे चढउतार भरून काढतात आणि शेवटी रेग्युलेटर तिला एका ठरीव दाबावर बांधून ठेवतो. एवढे करूनही १०० हर्ट्झची बारीक गुणगुण थोडीफार उरतेच. शिवाय या एका विहिरीवर पाणी भरणारे अनेक असतात. तबकडी फिरविणारी मोटार आहे. तिचा वेग आतल्या कडेला मिनिटास सुमारे ५०० फेऱ्यांचा, तर बाहेरच्या कडेला २०० चा. लेझरचे भिंग क्षणोक्षणी वरखाली हलविणारी यंत्रणा आहे. आकड्यांचा ताल धरणारे घड्याळ आहे. आणि शेवटी सर्वांत नाजूक असा ध्वनीचा भाग.

नाजूक म्हणजे किती? वादकाचा पूर्ण आवाज साधारणपणे २ व्होल्टचा असतो. त्याच्या ६५,५३६ पायऱ्या केल्या तर एक पायरी सुमारे ८६ मायक्रोव्होल्टची पडते. म्हणजे एक सहस्रांश व्होल्टची गुणगुण ध्वनीच्या वाटेवर उतरली, तर ती अकराबारा पायऱ्या गिळून टाकील. घड्याळाची गोष्ट तर याहूनही बारीक आहे. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग कल्पावे. २०,००० हर्ट्झच्या भर स्वरात यांपैकी सुमारे १२० भागांची चूक झाली की अखेरच्या पायरीवर अर्ध्या पायरीचा फरक पडू शकतो. मोटारीने ओढलेल्या विजेचा धक्का या घड्याळापर्यंत पोहोचू नये, ही अभियंत्यांची काळजी म्हणूनच पोकळ नव्हती.

ही काळजी प्रथम मनावर घेतली ती इंग्लंडातील लहान कारखान्यांनी. मेरिडियनने फिलिप्सचाच वादक घेऊन त्यात आपली विद्युत्-रचना बसविली. सॅलिसबरीच्या नेम कंपनीचे संस्थापक ज्युलियन व्हेरेकर सीडीबद्दल बरीच वर्षे साशंक होते. अखेर १९९१ साली त्यांच्या कंपनीचा सीडीएस हा वादक आला तो दोन पेट्यांत: एकीत तबकडी, दुसरीत केवळ वीज. पुढे त्याच घराचा सीडी ५ हा बेताच्या किमतीचा वादक निघाला. तो एकटाही वाजे. पण त्याच्या पाठीवर एक जागा ठेवलेली होती. पैसे साठले की तेथे फ्लॅटकॅप ही विजेची पेटी जोडावी, आणखी साठले की तिच्या जागी हायकॅप.

या व्यवस्थेचे दोन्ही गुण सांगितले पाहिजेत. नोकरदार माणसाला एकदम न झेपणारी वस्तू तिने टप्प्याटप्प्याने घेऊ दिली, आणि जुनी पेटी न टाकता नवी जोडू दिली. हा तिचा मोठेपणा. परंतु त्याच पाठीवरच्या रिकाम्या जागेने त्याच्या मनात एक कायमची उणीवही पेरली. आपले गाणे अद्याप पुरे झाले नाही, असे त्याला वाटू लागले.

दरम्यान काळ पुढे गेला होता. १९९२ साली ख्रिस डन आणि माल्कम हॉक्सफर्ड यांनी घड्याळातील या डळमळीचे गणित अभियंत्यांपुढे मांडले. ती कमी कशी करावी, याचे ज्ञान हळूहळू स्वस्त चकत्यांत उतरले. १९८३ साली जे मोठ्या किमतीत मिळत नव्हते, ते काही वर्षांनी साध्या वादकात मिळू लागले. दोष उरला थोडा. दोष काढण्याची किंमत मात्र उतरली नाही.

कानाचीही परीक्षा झाली. ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च प्रतीचे मुद्रण एकदा थेट आणि एकदा सीडीच्या १६ अंकांतून गाळून ऐकविले. कोणते कोणते हे आधी सांगितले नव्हते. उत्तरे नाणे उडविल्यासारखी निम्मी बरोबर आली. ही परीक्षा विजेच्या पेटीची नव्हती, म्हणून तिच्यावरून पेटी व्यर्थ ठरत नाही. पण ऐकण्याआधी काय जोडले आहे हे ठाऊक असले की कानाची साक्ष कितपत धरावी, हे तिच्यावरून शिकावे. आणखी एक गोष्ट: दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज किंचित मोठा असला, तरी तेच आपल्याला सरस वाटते. तुलना करावयाची तर दोन्हींचे आवाज व्होल्टमीटरने सारखे करून घ्यावेत आणि जोडणी दुसऱ्याच्या हाती द्यावी. याला खर्च जवळजवळ काहीच नाही.

मग लहान खिशाने काय करावे? वादक १९८० च्या दशकातला असेल तर त्याचे कॅपॅसिटर आतून सुकलेले असण्याचा संभव मोठा. ते जाणत्या कारागिराकडून बदलून घेणे हीच त्याची खरी वीज-सुधारणा, आणि ती स्वस्तही पडते. भिंग पुसून घ्यावे. जुन्या वादकांपैकी अनेकांची लेझर-शीर्षे आता बनत नाहीत. तेव्हा ज्याचे शीर्ष थकले आहे, त्याला महाग पेटी जोडणे म्हणजे कोसळत्या घराला संगमरवरी उंबरा बसविणे होय. वादक नवा आणि धड असेल, तर पेटीचे पैसे प्रथम स्पीकरवर खर्च करावेत. तेथला फरक ऐकायला कान टवकारावे लागत नाहीत. एवढे करून पैसा उरला, आणि डोळे मिटून केलेल्या तुलनेतही पेटीचा फरक ऐकू आला, तर ती खुशाल घ्यावी.

आज गाणे तबकडीऐवजी तारेवरून घरात येते. तरीही त्या यंत्रांसाठी वेगळ्या वीजपेट्या विकल्या जात आहेत आणि तोच वाद नव्याने रंगतो आहे. पहिल्या अभियंत्यांची शंका खरी होती, त्यांचा उपायही खरा होता. पण उपाय रोगाबरोबर संपला नाही. तो दुकानात राहिला. वीजपेटी विकत घेण्यापूर्वी आपल्या यंत्राला तो रोग अजून आहे की नाही एवढे पाहणे, हीच ऐकणाऱ्याची खरी काटकसर. वाचलेल्या पैशातून चार तबकड्या अधिक घेता येतील; आणि शेवटी ऐकावयाचे असते ते गाणेच.