न पाहिलेला डोंगर

डोंगर न पाहता त्याचे चित्र काढता येईल काय? वर्गात हा प्रश्न टाकला, तर मुले हसतील. पण वाचकहो, बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत असे एक भले मोठे तैलचित्र आहे. कास्पार डाव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराने ते १८२४-२५ साली रंगवले. नाव ‘वाट्झमान’.

वाट्झमान हा बव्हेरियातल्या आल्प्सचा डोंगर, उंची २७१३ मीटर. फ्रीडरिश राहायचा ड्रेस्डेनला. आल्प्समध्ये तो कधी गेलाच नाही. आउगुस्ट हाइन्रिश या शिष्याच्या जलरंगातल्या चित्रावरून त्याने शिखर घेतले. शिष्य बिचारा १८२२ सालीच वारला होता. पुढचे खडक तर थेट उत्तरेकडच्या हार्ट्स डोंगरातले, फ्रीडरिशने स्वतः १८११ साली रेखाटून ठेवलेले. भूगोलाचे मास्तर कान धरतील! परंतु लुडविग रिश्टरने त्याच सुमारास काढलेला वाट्झमान शेजारी ठेवून पाहा. त्यात झाडी आहे, धबधबा आहे, डोळ्यांना नुसती मेजवानी. फ्रीडरिशच्या चित्रात माणूस नाही, घर नाही, वाटही नाही. समोर बर्फाचे शिखर, आणि इकडे आपण.

आता इतिहासाच्या माणसाने या चित्राविषयी का बोलावे, ते सांगतो. १९३७ साली हे चित्र मार्टिन ब्रुन या ज्यू गृहस्थाच्या मालकीचे होते. नाझी राजवटीत ज्यूंना जगणे अशक्य होत चालले होते. देश सोडायचा तर पैसा हवा, म्हणून ब्रुन यांनी चित्र बर्लिनच्या नॅशनलगॅलरीला विकले. आणि योगायोग पाहा, त्याच वाट्झमानच्या मुलखात, बेर्श्टेसगाडेनजवळ, हिटलरचे घर होते.

जुनी पावती हाती आली की आम्हा मंडळींना आनंद होतो. पण विकणाऱ्याला दुसरी वाटच नव्हती, हे पावतीवर कोण लिहिणार? १९९८ साली वॉशिंग्टनला ४४ राष्ट्रांनी नाझी काळात हिरावलेल्या कलाकृतींविषयी काही तत्त्वे मान्य केली; लुटीबरोबर असल्या नाइलाजाच्या विक्रीचाही विचार जर्मनीत होऊ लागला. २००२ साली चित्राची मालकी ब्रुन यांच्या वारसांकडे परत गेली. त्यांच्याकडून एका जर्मन बँकेने ते विकत घेतले आणि लोकांना पाहता यावे म्हणून त्याच संग्रहालयाकडे ठेवायला दिले. चित्र बर्लिनमध्येच राहिले. संग्रहालय मात्र आता त्याचे मालक नाही.