पॅडेलसाठी स्पेनला जाताना : करोल बागेतील प्रवाशांसाठी माहिती

टेनिस आणि स्क्वॉश या दोन्ही खेळांशी साधर्म्य असलेला पॅडेल हा खेळ १९६९ साली मेक्सिकोतील आकापुल्को येथे एन्रिके कोर्कुएरा यांनी सुरू केला. १९७४ मध्ये तो स्पेनमधील मार्बेया येथे पोहोचला आणि तेथून त्या देशात रुजला. २० मीटर लांब व १० मीटर रुंद मैदानाला काचेच्या भिंती असतात. जमिनीवर एक टप्पा पडून भिंतीवर आपटलेला चेंडूही परतवता येतो. दिल्ली व गुरुग्राम परिसरात पॅडेलची मैदाने झाली असली, तरी या खेळासाठी सुटी घेऊन परदेशी जाणाऱ्यांचा ओढा प्रामुख्याने स्पेनकडेच असतो.

या प्रवासातील खरी कसोटी शेंगेन व्हिसाची आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि तो किमान १५ दिवस आधी दाखल होणे आवश्यक असते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो शुल्क आकारले जाते. अर्ज नामंजूर झाल्यास ते परत मिळत नाही. निर्णयास साधारणतः १५ दिवस लागतात, मात्र ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा असावा लागतो.

सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून देशभर गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी काही करोल बागेत स्थिरावली आहेत. अशा व्यावसायिकांकडे पगारपत्रक नसते. त्यामुळे प्राप्तिकर विवरणपत्रे आणि बँकेच्या खात्यातील नियमित उलाढाल यांवरच अर्जाची भिस्त राहते. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरल्यास शंकेलाच वाव मिळतो. व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारे विमान तिकीट किंवा प्रशिक्षण शिबिराचे शुल्क भरू नये, हेच श्रेयस्कर.

धनत्रयोदशी व लग्नसराईत सराफ बाजारातून बाहेर पडणे अशक्यप्राय. शाळांची सुटी मे-जूनमध्ये असते आणि व्हिसा केंद्रांवर गर्दीही त्याच सुमारास उसळते. म्हणून कागदपत्रांची तयारी हिवाळ्यातच सुरू करावी. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण स्पेनमधील ऊन दिल्लीकरांनाही जड जाते.

पॅडेल चौघांचा खेळ असल्याने दोघेच जाणार असतील, तर जोडीदार मिळवून देणारा क्लब आधीच निश्चित करावा. विमा पॉलिसीत खेळताना होणाऱ्या दुखापतीचा समावेश आहे का, हेही तपासावे. अनेकदा त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. तारा नसलेली, भोके असलेली पॅडेलची बॅट विमानात जवळ न बाळगता चेक-इन सामानात द्यावी.

करोल बाग मेट्रो स्थानकावरून राजीव चौक तिसरे स्थानक आहे. तेथे गाडी बदलून नवी दिल्ली स्थानक गाठल्यावर विमानतळ एक्स्प्रेसने टर्मिनल ३ पर्यंत जाता येते.