सिनेमा लागलाय, हे सांगणार कोण?

'मराठी सिनेमाला प्रेक्षकच येत नाही' ही ओरड आपण सारखी ऐकतो. पण प्रेक्षकाला बोलवायला कोण जातं? पूर्वी जायचे.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. पुढे तो सुरतेला गेला, तर पहिल्या दिवसाचा गल्ला फक्त 3 रुपये! लोकांचा हिशोब साधा होता. दोन आण्यांत सहा तासांचं नाटक मिळतं, मग दीड तासाच्या खेळाला पैसे का घालवायचे? भागीदार म्हणाला, तिकीट उतरवा नाहीतर खेळ लांबवा. फाळक्यांनी दोन्ही केलं नाही. जाहिरात दिली : 57 हजार फोटो, दोन मैल लांबीचा खेळ, तिकीट तीन आणे. गर्दी लोटली.

बातमीदाराची खोड म्हणून मी आकडे तपासले. फिल्म होती 3,700 फुटांच्या आसपास, म्हणजे मैलभरही नाही. दोन मैल ही चक्क थाप! पण एका फुटात 16 चित्रं धरली तर 57 हजारांचा आकडा बऱ्यापैकी जुळतो. तासाच्या मापात नाटक जिंकत होतं, म्हणून फाळक्यांनी मापच बदललं.

हीच हुशारी पुढे जत्रेतल्या तंबू टॉकीजवाल्यांनी दाखवली. गाडीवर भोंगा, दोन्ही बाजूंना रंगवलेले बोर्ड, वाटेत उधळलेली हँडबिलं आणि मागे पळणारी पोरं. 'आज शेवटचा खेळ' म्हणायचं, अन् दुसऱ्या दिवशी 'लोकाग्रहास्तव' तोच पुन्हा लावायचा. 1975 ला 'जय संतोषी मां' आला तेव्हा तर लोक चपला बाहेर काढून आत जायचे, पडद्यावर फुलं-पैसे उधळायचे, थिएटरबाहेर छोटी देवळं उभी राहिली. चाणाक्ष मॅनेजरला आणखी काय हवं?

महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट 2016 ला थेट कान महोत्सवात गाजला. आपल्याकडे मात्र त्या भोंगेवाल्यांची साधी नोंद नाही.

आज टेंभुर्णीतल्या माणसाला मराठी सिनेमा लागल्याचं मोबाईलवर कळतं, तोवर तो उतरलेला असतो. पुण्या-मुंबईत पत्रकार परिषद घेतली की प्रसिद्धी झाली, असं समजणाऱ्या निर्मात्यांनी एकदा आमच्या आठवडी बाजारात भोंगा फिरवून बघावा.

आणि हो, कुणाच्या माळ्यावर जुनं हँडबिल पडलं असेल तर रद्दीत घालू नका. फोटो काढून पाठवा. आपल्या भागाचा हा इतिहास आपणच जपायचा आहे.