कुस्तीचा कमरपट्टा

मुंबईत रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारुखान्यात जुनी जहाजं तोडतात. पश्चिमेला भायखळ्याच्या अंगानं गेलं की पारशांची रुस्तम बाग लागते. कुस्तीची कुळकथा सांगायला मला हीच जागा योग्य वाटते.

नवजोत म्हणजे धर्मदीक्षा झालेला पारशी कमरेभोवती बहात्तर धाग्यांची लोकरीची दोरी बांधतो, तीन वेढे देऊन. तिचं नाव कुस्ती. पहलवी भाषेत कमरपट्ट्याला 'कुस्तीग' म्हणत. आपल्या लाल मातीतली कुस्ती ह्याच कमरपट्ट्यातून निघाली, असं माझं ठाम मत आहे.

समोरचं मत जास्त पसरलेलं आहे: फारसी 'कुश्तन' म्हणजे ठार मारणं, त्यावरून कुश्ती. अक्षरं जुळतात, हे खरं. पण फारसीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. जहाज ह्या अर्थाचा 'कश्ती' आणि आपली 'कुश्ती' हे दोन्ही शब्द कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. अक्षरांवर विसंबलं तर कुस्ती जहाजातूनही काढता येईल. त्यापेक्षा इराणी माणूस बोलतो कसा ते पाहावं. तो कुस्ती 'करत' नाही, 'धरतो': कुश्ती गिरफ्तन. धरायचा असतो तो पट्टा.

शाहनामा ह्या इराणी महाकाव्यात रुस्तम आणि सोहराब झुंजतात तेही एकमेकांचा कमरपट्टा पकडून. सोहराब वरचढ ठरतो तेव्हा रुस्तम त्याला सांगतो की पहिल्यांदा पाठ टेकली म्हणून जीव घेण्याची आमच्यात रीत नाही. ती सबब होती, पण सोहराबला ती पटली. कुस्तीचा अर्थच मारणं असता तर पटली असती का? पुढे सोहराब मरतो तो खंजिरानं.

जगभर हेच दिसतं. जपानी सुमोत कमरेचा पट्टा, म्हणजे मवाशी, धरतात, तातारांच्या कुरेशमध्ये कमरेभोवतीचा पंचा, स्विस श्विंगनमध्ये तागाची विजार. आपला पैलवानही जांघ्याला हात घालूनच कितीतरी डाव टाकतो. पट्टा गेला, पकड राहिली.

झुंज मात्र आपली जुनीच. बाराव्या शतकात चालुक्य सोमेश्वरानं 'मानसोल्लासा'त मल्लविनोद सविस्तर सांगितला, तेव्हा शब्द मल्लच होता. कुस्ती हे नाव बहमनी-आदिलशाही दरबारांच्या फारसीबरोबर दख्खनेत आलं, असं मी धरतो. तालीम, पैलवान, उस्ताद हे शब्दही त्याच वाटेचे. सातारा-कोल्हापूरकडचे गिरणी कामगार ते सगळे घेऊन लालबाग-परळला आले. १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं, १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. ते सर्वांना ठाऊक आहे.

तालमीच्या वस्तादांना आणि कोशकारांना माझी विनंती आहे: नव्या पोरांना 'कुस्ती म्हणजे मारणं' हे सांगणं आता थांबवावं. कुस्ती म्हणजे कमरेची पकड.