वानगीचा वान

कोल्हापूरच्या गुजरीत दागिना कसोटीच्या काळ्या दगडावर घासला की सोन्याची केसभर रेघ उमटते. सराफ दगड उजेडाकडे तिरपा धरतो. रेघ लांब की आखूड, सरळ की वाकडी, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तो बघतो फक्त कस. नेल्सन गुडमन या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९६८ साली नमुन्याचे मर्म असेच सांगितले. शिंप्याकडचा कापडाचा तुकडा रंगाचा आणि विणीचा नमुना असतो, स्वतःच्या आकाराचा नसतो. गुण अंगी असावा लागतो आणि तुकड्याने त्याच गुणाकडे बोटही दाखवावे लागते.

मग ‘वानगी’ हा शब्द गुणाच्याच नावावरून पडला असेल तर? माझे मत ठाम आहे: ‘वानगीदाखल’मधली वानगी धान्याच्या आडतीवर जन्मली नाही, ती सोन्याच्या कसोटीवर जन्मली.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) सोन्याची शुद्धता ‘वर्णां’त मोजतात. १३, १२, ११ आणि १० वर्णांचे अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ मासे सोने एकत्र आटवले तर वर्ण किती? उत्तर १२. या वर्णाचाच उत्तरेत ‘बान’ झाला आणि अस्सल सोने ‘बारहबानी’ ठरले. अबुल फजल ‘ऐन-ए-अकबरी’त ‘बनवारी’ची रीत देतो. पितळी सुयांच्या टोकांना ठरावीक कसाचे सोने जोडायचे, कस वर लिहायचा, आणि सुईची रेघ व दागिन्याची रेघ शेजारी ओढून ताडायची. दोन्ही रेघांना जोर सारखाच हवा, हेही तो बजावतो. ती सुई म्हणजे साक्षात वानगी! सुईचे पितळ, लांबी, वजन सगळे गैरलागू. बोलतो तो फक्त वान, म्हणजे वर्ण.

कोणी ‘वाणी’कडे, म्हणजे वणिजाकडे बोट दाखवील. गुजरातीत वानगी म्हणजे खाद्यपदार्थ, हा त्याला आधारही वाटेल. पण चाखायला दिलेल्या घासापासून पदार्थापर्यंत अर्थ सहज सरकतो, आणि हिंदीतली ‘बानगी’ आजही नमुनाच आहे. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत वाण म्हणजे रंगच. उरते ती ‘गी’. ‘मर्दानगी’तला फारसी प्रत्यय इथे बसत नाही, कारण तो मर्दाना, ताजा अशा शब्दांना लागतो. शाकाचा साग झाला तसा वर्णावरून आलेल्या ‘वर्णिका’ या संस्कृत शब्दातला क इथे ग झाला, असा माझा कौल.

आता हॉलमार्कवरचा ९१६ हा आकडा बावीस कॅरटची ग्वाही देतो. गुजरीतल्या एखाद्या जुन्या पेढीत कसाच्या अशा सुया पडून असतील, तर कृपा करून त्या आटवू नका. आणि तुमचे आजोबा त्यांना काय म्हणत, तेवढे लिहून ठेवा.